तिसऱ्या दिवशी आई साखर देणं बंद करते

गेल्या अंकात जाता जाता सरबताच्या स्टॉलच्या खेळाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. सकाळी आकाश बघायचं, किती ग्लास करायचे, जाहिरातीच्या किती पाट्या लावायच्या आणि काय भाव ठेवायचा हे तीन आकडे टाकायचे, संध्याकाळी गल्ल्यात काय उरलं ते बघायचं. बास, एवढाच खेळ. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकते. एकतीस वर्षं मी कारखान्यात कॉस्टिंगच्या, म्हणजे मालाचा खर्च काढायच्या, टेबलावर बसले. तेव्हा माझ्याशी दोन पैशांच्या फरकावरून कुणी भांडत नसे, सही करून मोकळे होत. आता लोक दोन सेंटवरून पानभर लिहितात. बरं वाटतं.

प्रश्न : ताई, पुतण्याने ब्राउझरमध्ये जुन्या ॲपल टू कॉम्प्युटरवरचा ‘लेमोनेड स्टँड’ लावून दिलाय. पहिले दोन दिवस झकास जातात. तिसऱ्या दिवशी एका ग्लासचा खर्च दोनाचा चार सेंट होतो, म्हणून मी भावही दुप्पट करून २० सेंट केला. तीन पाट्या लावल्या, ऊनही छान होतं. पन्नास ग्लास केले, तेरा विकले! आता वय झालं म्हणून डोकं चालत नाही असं घरचे म्हणतात. (एक निवृत्त वाचक)

उत्तर : काका, डोकं शाबूत आहे, फक्त ते दुकानदाराऐवजी हिशेबनिसासारखं चाललं. खर्च दुप्पट म्हणून भाव दुप्पट, ही आमच्या टेबलावरची सवय. गिऱ्हाइकाला तुमच्या खर्चाशी काय देणंघेणं? त्याला फक्त भाव दिसतो.

तुम्ही दोन ओळीत उरकलंत, पण त्या तिसऱ्या दिवसाची गंमत सांगण्यासारखी आहे. खर्च का वाढला ते खेळ स्वतःच सांगतो : आईने फुकट साखर देणं बंद केलं. सातव्या दिवशी सरबताचं मिश्रण महागतं आणि खर्च पाच सेंटवर जातो. हा खेळ मुळात १९७३ साली बॉब जेमिसन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेसाठी लिहिला, शाळेतल्या मुलांसाठी. १९७९ मध्ये चार्ली केल्नर यांनी तो ॲपल टूवर आणला. पहिले दोन दिवस ऊनच पडतं आणि साखर फुकट असते, म्हणजे मूल खेळात रमतं. मग हळूच हात काढून घेतलाय. घरातून मिळणारी साखर हाही खर्चच असतो, हे मुलाला सांगायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

आता तुमचे तेरा ग्लास. हा खेळ बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे ‘लिस्ट’ असं टाइप केलं की सगळा प्रोग्रॅम पडद्यावर ओळीओळीने वाचता येतो. ही चोरी आहे का? मला नाही वाटत. हिशेबाची वही उघडी ठेवली असेल तर मी वाचणारच. त्यात असं दिसतं की भाव १० सेंट असेल, ऊन असेल आणि एकही पाटी नसेल, तर गिऱ्हाईक येतं ३०. दहाच्या खाली उतरलात तर ते सावकाश वाढतं : ९ सेंटला ३२, ८ ला ३४, पार ५ सेंटपर्यंत घसरलात तरी ४२. पण दहाच्या वर गेलात की भावाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. म्हणजे भाव दुप्पट झाला की गिऱ्हाईक निम्मं होत नाही, पाव होतं. २० सेंटला साडेसात. तीन पाट्यांनी त्यात पाऊणपटीहून थोडी जास्त भर घातली आणि झाले तेरा. तुमचा स्टॉल अगदी नियमाप्रमाणे चालला हो! तेरा ग्लासांचे २ डॉलर ६० सेंट आले, पन्नास ग्लासांना आणि पाट्यांना २ डॉलर ४५ सेंट गेले. दिवसभर उन्हात उभं राहून पंधरा सेंट.

त्याच दिवशी १० सेंट भाव, तीन पाट्या आणि ५३ ग्लास केले असते तर सगळेच्या सगळे जाऊन २ डॉलर ७३ सेंट हातात राहिले असते. खर्च दोन असो, चार असो की पाच, हा दहाचा भाव हलत नाही. मी तिन्ही खर्चांना शेजारचे सगळे भाव लावून पाहिले. पाच सेंट खर्चाला अकराचा भाव अगदी नाकाशी नाक लावून येतो, पण मागेच राहतो.

पाट्यांचंही सांगते, कारण चार पत्रांत तेच विचारलंय. एका पाटीला १५ सेंट पडतात. पहिली पाटी लावली की ३० ची ४१ होतात, दुसरीने ४८, तिसरीने ५३, चौथीने ५५, पाचवीने ५७. कितीही लावा, ६० च्या पुढे गाडी जात नाही. खर्च दोन सेंट असताना तीन, चार किंवा पाच पाट्यांना नफा येतो अनुक्रमे ३ डॉलर ७९, ३ डॉलर ८० आणि ३ डॉलर ८१ सेंट. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या पाटीचे खिळे ठोकायचे कष्ट एकेका सेंटसाठी. खर्च चारावर गेला की चौथी पाटी सरळ तोट्यात. तेव्हा तिसऱ्या दिवसापासून साध्या उन्हाला तीन पाट्या आणि गप्प बसायचं.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको हाच खेळ दोन खेळाडू म्हणून खेळतो. परवा यांनी मुद्दाम भाव ५ सेंटवर आणला आणि माझे ४८ ग्लास करून फक्त २४ खपले. माझं गिऱ्हाईक पळवलं की नाही? हे म्हणतात, धंद्यात असंच असतं. दोन दिवस अबोला आहे. (एक वाचक भगिनी)

उत्तर : अबोला सोडा आधी. या खेळात तुमच्या स्टॉलला त्यांचा स्टॉल दिसतच नाही. एका वेळी तीस जणांना खेळता येतं, पण प्रत्येकाचं गिऱ्हाईक त्याच्या स्वतःच्या भावावर, पाट्यांवर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. शेजाऱ्याने फुकट वाटलं तरी तुमचा एक ग्लास इकडचा तिकडे होत नाही. तुम्ही दोघं एका रस्त्यावर नाही, दोन वेगळ्या गावांत स्टॉल मांडून बसला आहात असं समजा. गावाचं नाव मात्र एकच, कॅलिफोर्नियातलं लेमन्सव्हिल. नकाशात शोधू नका.

मग चोवीस का? माझा अंदाज, त्या दिवशी आकाश ढगाळ होतं आणि खेळाने सांगितलं असणार की हलक्या पावसाची शक्यता ५० टक्के. ही ओळ आपण रोजच्या हवामानाच्या बातमीसारखी वाचतो : आला तर आला, नाही तर नाही. खेळ ती तशी वाचत नाही. ५० टक्के म्हटलं की तो गिऱ्हाईक सरळ निम्मं करतो, ३० टक्के म्हटलं की दहातले तीन कापतो. त्याला शक्यता म्हणणं म्हणजे पगारकपातीला शक्यता म्हणण्यासारखं आहे. दोन पाट्यांना ४८ येतात, त्यांचे निम्मे २४. तुमचा आकडा बरोब्बर जुळला. जाहीर झालेला टक्का वजा करूनच माल करायचा.

आणि यजमानांना विचारा, त्या दिवशी ग्लासचा खर्च किती होता. सातवा दिवस उलटून गेला असेल तर पाच सेंटचा ग्लास पाच सेंटला विकत होते ते, वर पाट्यांचे पैसे खिशातून. तो धंदा नव्हे, धर्मादाय झाला.

प्रश्न : मॅडम, मी फोनवर खेळते त्या नव्या खेळात गिऱ्हाइकांचा आकडा पक्का नसतो. तेच ऊन, तोच भाव, तरी एक दिवस ३६ येतात, एक दिवस ५२. ग्लासचा खर्च ३, भाव १२. उरलेलं रात्री ओतून द्यावं लागतं. मी आता रोज सरासरीइतकेच ग्लास करते. मैत्रीण म्हणते जास्त कर, आई म्हणते नासाडी नको. कुणाचं ऐकू? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी)

उत्तर : या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात आवडलेलं पत्र हे. तुझ्या मैत्रिणीचं ऐक. पण ती ‘जास्त’ म्हणते तिथे आकडा हवा, नुसतं जास्त म्हणून चालत नाही.

एक ग्लास उरला तर तुझे ३ जातात. एक गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं तर ९ जातात. नऊ आणि तीन. हे दोन तोटे सारखे असते तर मधोमध उभं राहणं ठीक होतं. इथे एक तोटा दुसऱ्याच्या तिप्पट आहे, तरी तू मधोमध उभी आहेस. आईंना उरलेलं सरबत मोरीत जाताना दिसतं, म्हणून ते टोचतं. परत गेलेलं गिऱ्हाईक वहीत कुठेच दिसत नाही. कारखान्यातही हेच. भंगाराचा ढीग सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचा, आणि माल नव्हता म्हणून हुकलेल्या ऑर्डरचं रजिस्टरच नसायचं.

आता वही काढ. तू दहा उन्हाळी दिवसांचे आकडे पाठवलेस ते मी चढत्या क्रमाने मांडले : ३६, ३८, ३९, ४०, ४१, ४३, ४४, ४५, ४७, ५२. सरासरी साडेबेचाळीस. भावातून खर्च वजा कर, राहिले ९. त्या नवाला भावाने, म्हणजे बाराने भाग, आले पाऊण. याचा अर्थ असा की शंभरातले पंचाहत्तर दिवस पुरेल इतका माल कर. दहा दिवसांत पाऊण म्हणजे साडेसात, तेव्हा आठव्या आकड्यावर बोट ठेव. ४५. खर्च ३ च्या ऐवजी ९ असता तर हाच भागाकार पाव आला असता आणि बोट तिसऱ्या आकड्यावर, ३९ वर गेलं असतं. तेव्हा आईंचं ऐक म्हटलं असतं. म्हणजे दोघी आपापल्या जागी बरोबर आहेत. सध्याच्या खर्चाला मैत्रीण जिंकते, एवढंच.

याला व्यवस्थापनाच्या पुस्तकांत पेपरविक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, कारण कालचा पेपर आज रद्दी. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्ये असाच विचार बँकेसाठी केला होता : लोक किती पैसे काढायला येतील ते माहीत नसताना तिजोरीत रोकड किती ठेवायची? तुझ्या परीक्षेला येईल न येईल, पण आलं तर सरबत आठव.

एक खोच मात्र आहे आणि ती तुझ्या वहीत मला दिसली. ४० च्या शेजारी तू बारीक अक्षरात ‘संपलं’ लिहिलंयस. मग तो ४० गिऱ्हाइकांचा आकडा नाही, ग्लासांचा आहे. त्या दिवशी ४१ आले असतील नाहीतर ६०, तुला कळणार कसं? दुकान रिकामं झाल्यावर मोजणी थांबते. अशा दिवसांवर गोल कर आणि ते सरासरीत धरू नकोस. नाही तर असं होतं : कमी माल केला, म्हणून कमी खपला, म्हणून उद्या आणखी कमी केला. मी एक अख्खं खातं असं बारीक होत होत मेलेलं पाहिलंय, आणि शेवटपर्यंत सगळे म्हणत होते, मागणीच नाही हो. दोन-चार दिवस मुद्दाम भरपूर माल कर, तोटा सोस आणि खरा आकडा शोध. त्या नासाडीला शिकवणीची फी समज. आईंना हे वाक्य वाचून दाखवू नकोस.

प्रश्न : बर्फ रोज संपतो किंवा रोज वाया जातो. लिंबू किती, साखर किती, बर्फ किती, याचं एखादं पक्कं प्रमाण द्या ना.

उत्तर : पक्कं प्रमाण मिळालं तर खेळ तिथेच संपला. हा कृतीचा भाग जुन्या खेळात नव्हता, नव्या खेळांनी आणला. २००२ सालच्या ‘लेमोनेड टायकून’मध्ये लिंबू, साखर, बर्फ तिन्ही तुम्हीच ठरवता, आणि दिवस संपला की राहिलेला बर्फ वितळून जातो. म्हणून बर्फ उद्यासाठी घ्यायचा नाही, घाऊक भाव कितीही गोड वाटला तरी. कप नासत नाहीत, ते घाऊक घ्या. लिंबाचं तुमच्या खेळात काय होतं ते एकदा पाच लिंबं मागे ठेवून बघा. उन्हाचा पारा चढला की बर्फ वाढवा, गारवा आला की कमी करा. काही खेळांत बर्फ जास्त घातला की एका जगमध्ये ग्लासही जास्त बसतात, तेव्हा तो तसाही स्वस्त पडतो. पण एका दिवशी एकच गोष्ट बदला. लिंबू, साखर आणि भाव तिन्ही एकदम हलवलेत आणि लोकांनी तोंडं वाकडी केली, तर कशामुळे ते तुम्हाला सात जन्मांत कळणार नाही.

प्रश्न : आज्जी, मी खेळताना वादळ आलं की गेम बंद करून पुन्हा आदल्या दिवसापासून चालू करतो. ताई म्हणते ही चीटिंग आहे. मी म्हणतो गेममध्ये बटण दिलंय तर का नाही वापरायचं? (वय वर्षे १०)

उत्तर : बटण दिलंय हे खरं. बाळा, तू काहीही चोरलं नाहीस. पण मला एक सांग, वादळाच्या आदल्या दिवशी तू सगळे पैसे लावलेले असतोस की नाही? असतोसच. कारण तुला माहीत आहे की बटण आहे. मी बटण नसल्यासारखी खेळते, आणि ढगाळ दिवशी गल्ल्यातले निम्म्याहून जास्त पैसे बाहेर काढत नाही. कारण ढगाळ दिवशीच कधीकधी वादळ येतं आणि सगळं सरबत वाहून जातं, पाट्यांसकट. तू असं कर, सात दिवस बटणाला हात न लावता खेळ आणि ताईला त्याच सात दिवसांत बटण वापरू दे. कुणाच्या गल्ल्यात जास्त उरतात ते नाही, कुणाला मजा जास्त आली ते मला लिहून पाठव. ताई जिंकली तर तेही लिही, लपवू नकोस.

प्रश्न : मी पाच वर्षं नोकरी करतोय, आता स्वतःचं काही सुरू करायचं डोक्यात आहे. या खेळात मी कधीच तोट्यात जात नाही. याचा खऱ्या धंद्यात उपयोग होईल का?

उत्तर : थोडा. खेळ काय सांगत नाही ते आधी बघा. तुमचा दिवसाचा पगार त्यात कुठेच नाही. तीन पाट्या, दहा सेंट, पाच सेंट खर्च या हिशेबाने २ डॉलर २० सेंट ‘नफा’ दिसतो, पण सकाळपासून स्टॉलवर उभ्या राहिलेल्या माणसाला त्यातून वेगळं काही दिलेलं नाही. नोकरी सोडून उभे राहिलात तर सुटलेला पगार आधी वजा करा, मग उरेल त्याला नफा म्हणा. उधारी नाही, त्यामुळे वसुलीही नाही. ग्लास कोण विसळतं, देव जाणे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे जुन्या खेळातल्या गिऱ्हाइकाला काही आठवत नाही. काल तुम्ही वीस सेंटला लुटलंत, सरबत संपलं म्हणून परत पाठवलंत, तरी आज दहा सेंट केलेत की तो पुन्हा हसत दारात. खऱ्या माणसाची स्मरणशक्ती अशी दिलदार नसते. नव्या खेळांत नावलौकिकाचा आकडा असतो, तो मात्र बऱ्यापैकी खरा वाटतो. चढायला दिवस लागतात, उतरायला एक दुपार पुरते.

रस्ताखात्याचंही सांगते. एखाद्या दिवशी खेळ म्हणतो, रस्त्याचं काम चालू आहे, आज रहदारी नाही. बहुतेक जण हाय खाऊन दोन-तीन ग्लास करतात. त्यावर दोन गोष्टी घडू शकतात : एक तर नेहमीच्या दहा टक्केच लोक येतात, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत तेच रस्ता खोदणारे मजूर तुमचं सगळं सरबत पिऊन टाकतात. सगळं म्हणजे तुम्ही जितकं केलंत तितकं. माझं मत, अशा दिवशी बेताचा माल करा पण स्टॉल बंद ठेवू नका. या एका गोष्टीचा तुम्हाला धंद्यात उपयोग होईल असं मला वाटतं. बाकीचं तुमच्या लेखापालाला विचारा.

प्रश्न : ‘व्हिडिओ बघा, कमाई दुप्पट करा’ हे बटण दाबावं का?

उत्तर : अर्धा मिनिट मोकळा असेल तर दाबा. पण त्या दिवसाचा आकडा वहीत घेऊ नका. ती सरबताची कमाई नाही, तुमच्या वेळेची आहे, आणि फार स्वस्तात विकलेली. खरे पैसे देऊन नाणी घेण्याबद्दल तिघांनी विचारलंय : नका घेऊ. ज्या खेळाची सगळी मजा गल्ला भरण्यात, तो गल्ला आयता विकत घेऊन पुढे करायचं काय?

प्रश्न : इतकं सगळ्यांना सांगता, पण ताई, तुमचं स्वतःचं कधी दिवाळं निघालंय का? खरं सांगा.

उत्तर : अगदी काठावर गेलेय. नववा दिवस, गल्ल्यात १० डॉलर ८५ सेंट, आकाश ढगाळ. मला वीस ग्लास करायचे होते. चष्मा कपाळावर होता आणि मी एक शून्य जास्त टाकलं. दोनशे ग्लास, पाच सेंटने दहा डॉलर, वर दोन पाट्यांचे तीस सेंट. एंटर दाबल्यावर दिसलं. तो खेळ ‘काही बदलायचंय का?’ असं विचारतो, आणि मी सवयीने तिथेही नाही म्हणून बसले होते. कागद न वाचता सही करणाऱ्यांना मी एकतीस वर्षं नावं ठेवली, हे जाता जाता.

तेवढ्यात वादळ आलं. सगळं वाहून गेलं. शेजारी बसलेला नातू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “जाऊ दे आज्जी, पावसाचा काय भरवसा.” मी मान हलवली. शून्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि तो हे मासिक वाचत नाही.

राहिले ५५ सेंट. दुसऱ्या दिवशी ऊन. पाटी लावली तर ग्लास राहतात आठ, नाही लावली तर अकरा. मी पाटी सोडली. आणि वर काकांना ज्या दहा सेंटची एवढी भलामण केली तो भाव त्या दिवशी मीच मोडला. दहाला तीस जण येणार आणि ग्लास अकराच, म्हणजे एकोणीस जण उगाच परत जाणार. अकरा जणच येतील असा भाव हवा. तीस गुणिले दहाचा वर्ग म्हणजे तीन हजार, त्याला भावाच्या वर्गाने भागायचं : पंधराला तेरा येतात, सतराला दहा, सोळाला अकरा. नातवाला म्हटलं, सोळा टाक. तो म्हणाला, वेडी आहेस का, परवा लोकांनी दहाला घेतलं. टाक म्हटलं.

अकराही गेले. १ डॉलर ७६ सेंट.